बाराव्या महिन्याचे पाहुणे

बोईसरला मी भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा दार उघडंच होतं आणि हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत, बनियन-लेंग्यातले एक काका स्टीलच्या पेल्यातून पाणी पीत बसले होते. बाकी घर रिकामं. मी समजलो, हे आधीचे भाडेकरू. सामान पुढे गेलं असेल आणि हे किल्ली द्यायला थांबले असतील. नव्या गावात ओळख वाढवावी म्हणून मी आवाज खाली आणून विचारलं, "काका, मालक जरा चक्रम आहे असं एजंट म्हणत होता. तुमचा काय अनुभव?"

काकांनी पेला खाली ठेवला आणि प्रश्नाचा नीट विचार केला.

"चक्रम नाय," ते म्हणाले. "सावध हाय. पन तरास हाय त्याचा, ह्ये खरं."

"कसला त्रास?"

"सारखा येतो. बसतो. पानी पितो. लवकर जात नाय."

"असल्या माणसाला तोंडावर सांगायला पाहिजे," मी म्हणालो. तारापूरच्या कारखान्यात मी बढतीवर आलो होतो आणि त्या आठवड्यात कुणाला काय काय सांगायला पाहिजे, हे सगळ्यांनाच सांगत सुटलो होतो.

"सांगा मंग," काका म्हणाले. "मीच हाय मालक."

तरीही घर आम्हालाच मिळालं. का मिळालं, ते काकांनी नंतर माझ्या बायकोला समजावून सांगितलं. त्यांच्या मते, ज्याला समोर बसलेला मालक ओळखता येत नाही, त्याला घर बळकावणं जमणार नाही. त्याला लागणारी अक्कल अशा माणसाकडे नसते. बायकोने मान डोलावली. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

काकांचं नाव इथे सांगत नाही, कारण स्वतःचं नाव कुठे लिहिलं जाण्याची त्यांना फार धास्ती. अपवाद एकच, आमच्या दारावरची पाटी. तिच्यावर त्यांचं नाव एवढं ठसठशीत होतं, की आमच्याकडे आलेले पाहुणे खाली जाऊन पुन्हा पत्ता विचारून येत. आमचं नाव त्याखाली कागदावर, तेही पेन्सिलीने. काका मूळ चिंचणीचे. तिथली चिकूची वाडी भावांकडे गेली. त्यांनी जन्मभर पालघरला सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्तीच्या पैशातून बोईसरला हा ब्लॉक घेतला. घेतला तो स्वतः राहायला नव्हे, सांभाळायला.

भाडेकरू हा शब्द त्यांनी या घरात कधी उच्चारला नाही. आम्ही 'पाहुणे'. त्यांचं तत्त्व असं, की राहणं वेगळं आणि ताबा वेगळा. राहायचं आम्ही, ताबा त्यांचा. पण ताबा ही गोष्ट दिसत नसल्यामुळे ती दाखवत राहावी लागते, म्हणून हॉलमधल्या खुंटीवर त्यांचा एक शर्ट कायम टांगलेला असे. ती खुर्ची आणि तो पेलाही त्यांचेच. दर रविवारी ते पालघरहून येत, खुर्चीत बसत, पेल्यातून पाणी पीत, शर्ट झटकून परत टांगत आणि जात. घंटी वाजवत नसत. स्वतःच्या घराची घंटी मालक कशाला वाजवेल? पण घरात बाईमाणूस आहे याची जाण होती, म्हणून जिन्याच्या तळापासून खोकत येत. त्या खोकल्याला तीन भाग होते: एक लांब, दोन आखूड आणि शेवटी एक हुंकार. ते तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आमचा पसारा आवरून होत असे.

भिंतीला खिळा मारायचा तर ते स्वतः हातोडी घेऊन येत. "ज्याचा खिळा त्याची भिंत," असं म्हणून आमच्या लग्नाचा फोटोसुद्धा त्यांनीच, किंचित तिरका, लावला. बायकोने तुळस आणली तेव्हा त्यांना रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी कुंडी घेऊन हजर. "झाड तुमचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "पन मुळं माझ्या कुंडीत असली पायजेल."

आता अकरा महिन्यांचं सांगतो, कारण सगळं पुराण तिथूनच आहे.

आपल्याकडे घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार करतात. वर्ष भरलं तर राहणाऱ्याला हक्क लागतो आणि मग तो निघत नाही, अशी भीती मालकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली. तिला कायद्यात कितपत आधार आहे, मला माहीत नाही. पण सगळे मालक अकरा महिने संपले की दुसऱ्या दिवशी नवा करार करतात. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, दोघांचे अंगठे घेतो, फोटो काढतो, चहा पितो. राहणारा जागचा हलत नाही.

काकांना ही पळवाट वाटे. अकरा महिने म्हणजे अकरा महिने. मग बारावा कुणाचा? "बारावा घराचा," काका म्हणत. बाराव्या महिन्यात राहणाऱ्याने बिऱ्हाड हलवायचं आणि काकांनी स्वतः येऊन राहायचं, म्हणजे मालक कोण हे घराच्या आणि शेजाऱ्यांच्या ध्यानात राहतं. त्या महिन्याचं भाडं ते घेत नसत. व्यवहारात माणूस अगदी स्वच्छ.

आम्ही एप्रिलमध्ये राहायला आलो होतो, त्यामुळे बारावा महिना दर वर्षी मार्चमध्ये यायचा. पहिल्या मार्चला आम्ही सफाळ्याला माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी पडवीत राहिलो. त्याची बायको पहिले आठ दिवस फार प्रेमाने वागली. दुसऱ्या मार्चला मासवणला नदीकाठी एक खोली मिळाली. तिथे पाणी भरपूर आणि फोनला रेंज अजिबात नाही, त्यामुळे माझ्या साताऱ्याच्या सासूबाईंनी आम्ही वाहून गेल्याची चौकशी सुरू केली. दोन्ही वेळा पहिली तारीख उजाडली की आम्ही टेम्पोतून बोईसरला परत. काका दारात उभे, हातात किल्ली. "या, या. घर तुमची वाट बगत व्हतं." आणि ते मनापासून म्हणत. आत सगळं झाडून-पुसून, माठ भरून ठेवलेला असे.

असा माणूस कशाला एवढा घाबरतो, हे मला त्यानंतरच्या पावसाळ्यात कळलं.

नवा भाडेकायदा येणार अशी तेव्हा बातमी होती. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण जाणार म्हणून भाडेकरू हवालदिल, आणि पुरतं जाणार नाही म्हणून मालक हवालदिल. एका रविवारी काका म्हणाले, "पाहुणे, मोटरसायकल काडा. सभेला जायाचं हाय." सकाळची सभा बोईसरला, घरमालकांची. काका बोलायला उभे राहिले. "एकदा आत घेतलेला मानूस भाएर निगत नाय," ते म्हणाले. "चाळीस वर्सं बसतो. मालकाच्या शेवग्याच्या शेंगा खातो. वर कौलं गळतात म्हनून नोटीस धाडतो." टाळ्या पडल्या. मला अभिमान वाटला.

बाहेर येऊन म्हणाले, "आता पालघर."

पालघरला दुपारी शाळेच्या वर्गात भाडेकरूंची सभा होती. मी म्हटलं, विरोधकांचं काय चाललंय ते ऐकायचं असेल. आम्ही मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलो. काका पुन्हा बोलायला उभे राहिले.

"मी या गावात चाळीस वर्सं भाडेकरू हाय," काका म्हणाले. "कौलं गळतात. मालकीन लक्ष देत नाय. नोटीस धाडली तर म्हनते शेंगा का खाल्ल्यास. आन आज सकाळीच बोईसरला एक मानूस सभेत सांगत व्हता, का भाडेकरू निगत नाय. असल्या मानसांपासून तुमी सावध ऱ्हा."

इथे तर टाळ्या थांबेनात. मी बाकावरून पडता पडता राहिलो. म्हणजे पडलोच, पण टाळ्यांत ते कुणाला कळलं नाही.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काका, यातलं तुमचं खरं मत कुठलं?"

"दोनी," काका मागच्या सीटवरून म्हणाले. "सकाळचं सकाळी खरं, दुपारचं दुपारी."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. लग्न झाल्या झाल्या त्यांनी पालघरला एका कौलारू घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला होता. दुसऱ्या अर्ध्या भागात मालकीणबाई राहतात, एकट्याच. त्यांच्या नवऱ्याने 'घर सोडा' म्हणून दावा लावला होता. तो वारला, दावा राहिला. काकांचा सगळा संसार तिथेच झाला. आता त्या जागी इमारत होण्याची बोलणी चालली होती, आणि ती झाली की जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा द्यावी लागणार. काका त्यासाठी तग धरून होते.

"म्हंजे मी ज्या भाडेकरूला भितो," ते म्हणाले, "तसा भाडेकरू मीच हाय. मला म्हाईत हाय ना तो काय काय करतो."

आणि त्याच दमात त्यांनी मला बजावलं, की बोईसरच्या ब्लॉकचं मालकीणबाईंना कळता कामा नये. भाडेकरूचं स्वतःचं घर आहे हे सिद्ध झालं की त्याची जागा गेली, असं त्यांचं ठाम मत होतं. कायदा आता तसं म्हणतो की नाही, हे ते वकिलाला विचारत नव्हते. न जाणो, वकील म्हणायचा, नाही. मग चाळीस वर्षांच्या भीतीचं काय करायचं?

त्या वर्षी आमची मुलगी दहावीला होती.

जानेवारीतच बायको म्हणाली, "या मार्चमध्ये मी कुठेही जाणार नाही. बोर्डाची परीक्षा आहे. पोरगी पडवीत बसून भूमिती करणार नाही. काकांना तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी म्हटलं, मीच सांगतो. पुढचे तीन-चार रविवार मी काकांशी हवामानाबद्दल बोललो. मग तिने सांगितलं.

काका त्या रविवारी शर्ट न झटकताच उठले. पाणीही प्यायले नाहीत. मुलीवर त्यांचा जीव होता; चिंचणीहून चिकू आले की पहिला वाटा तिचा. पण बारावा महिना म्हणजे बारावा महिना. पुढच्या रविवारी खोकला जिन्यातून जरा घाईने वर आला. तोडगा सापडला होता.

"तुमी ऱ्हा," काका म्हणाले. "पन त्या महिन्यात मी बी इथंच ऱ्हाणार. घर माझ्या ताब्यात. तुमी माझ्याकडं आलेले पाहुणे. पाहुण्यांना कायदा काय करत नाय."

"म्हणजे आम्ही जसे आहोत तसेच राहायचं ना?" बायकोने विचारलं.

"जसे हाव तसेच. फकस्त आधी भाएर जायाचं नि आत यायाचं."

एक मार्चला सकाळी आम्ही तिघं आपल्याच घरातून बाहेर पडलो. हातात एकेक पिशवी पाहिजे, असा काकांचा आग्रह होता. मी पिशवीत उशी भरली, मुलीने भूगोल, आणि बायकोच्या हातात कुकर होता, कारण डाळ शिजत आली होती आणि ती टाकून ती कुठे जाणार? जिन्यात उभे राहून आम्ही घंटी वाजवली. समोरच्या काकू दार उघडून बघत होत्या. त्यांनी बघावं म्हणूनच हे चाललं होतं.

काकांनी दार उघडलं. अंगात खुंटीवरचा शर्ट. चेहऱ्यावर आश्चर्य.

"अरे वा," ते मोठ्याने म्हणाले. "आज कशी काय वाट चुकलात?"

"पोरीची परीक्षा आहे," बायको दात आवळून म्हणाली.

"मंग ऱ्हा ना महिनाभर. संकोच करू नका."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मुलगी म्हणाली, "आई, मी आत जाऊ का? नकाशे राहिलेत." आणि आम्ही आमच्या घरी पाहुणे म्हणून शिरलो.

पाहुणचार त्यांनी मनावर घेतला होता. सकाळचा चहा ते करत आणि तो आम्हाला प्यावा लागे. बायको स्वयंपाकाला लागली की "तुमी कशाला, तुमी बसा" असं एकदा म्हणून मग तिला करू देत. मुलीच्या अभ्यासाच्या वेळी मात्र ते स्वतःच्या घरात चवड्यावर चालत. खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकून येत.

अडचण पालघरला होती. दर वर्षी त्या महिन्यात काकी तिथे असायच्या. या वर्षी त्या लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या होत्या. म्हणजे पालघरची खोली बंद, आणि बंद खोली बघितली की मालकीणबाई कोर्टात सांगणार, भाडेकरू राहत नाही.

"तितं कुनीतरी ऱ्हातंय असं दिसलं पायजेल," काका माझ्याकडे बघत म्हणाले. घरात बघण्यासारखा दुसरा कुणी नव्हता. बायकोनेही माझ्याकडेच बघितलं.

तेव्हापासून मी कामावरून सुटलो की मोटरसायकलवरून पालघरला जायचो. काकांच्या खोलीचं कुलूप काढायचं, दिवा लावायचा, रेडिओ लावायचा, दोरीवरचा लेंगा बदलायचा. खिडकीकडे पाठ करून काकांची टोपी घालून बसायचं. आणि मधूनमधून खोकायचं. काकांनी तो खोकला माझ्याकडून घोकून घेतला होता. लांबचा मला बरा जमे. हुंकार पोकळ यायचा. माझ्या कारखान्यात माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत. त्यांतलं कुणी त्या खिडकीखालून जाऊ नये, एवढीच माझी देवाजवळ प्रार्थना होती.

एका संध्याकाळी मी असाच पाठमोरा बसलो असताना मागून आवाज आला.

"टोपी काढ."

वळून बघतो तर दारात एक ठेंगणी, ताठ म्हातारी. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, हातात काठी, पण टेकण्यासाठी धरलेली नव्हे. मालकीणबाई.

"हा खोकला त्याचा नाय," ती म्हणाली. "चाळीस वर्सं ऐकते मी भिंतीतून. कोन तू? त्यानं पोटभाडेकरू ठेवलाय का?"

भाडेकरूने जागा परस्पर दुसऱ्याला दिली, तर ती त्याच्या हातून जाते. एवढा कायदा मलाही ठाऊक होता. मी ताडकन उभा राहिलो. "नाही आजी, मी पाहुणा आहे."

"पाहुना आत आन घरचा मानूस गायब? असं कुटं असतं?"

"ते येणार आहेत ना. ते सध्या बोईसरला आहेत."

"बोईसरला कुनाकडं?"

मी अगदी प्रामाणिकपणे घाबरलो होतो. म्हणालो, "स्वतःच्याच घरी."

ते शब्द तोंडातून बाहेर पडताना मला दिसले. परत घेता आले नाहीत. म्हातारी खोलीभर नजर फिरवून हळूच म्हणाली, "पत्ता सांग." आणि मी तोही सांगितला. काठी तिच्या हातात होती.

घरी येऊन मी काकांना काहीच सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सोमवारी पोरीचा भूमितीचा पेपर आहे. तोवर घरात कुणाला चक्कर यायला नको."

म्हातारी रविवारी दुपारी आली. काका आंघोळ करून कमरेला पंचा गुंडाळून हॉलमध्ये उभे होते. मुलगी आतल्या खोलीत वर्तुळाला स्पर्शिका काढत होती. घंटी वाजली, मी दार उघडलं आणि मालकीणबाई मला बाजूला सारून आत आल्या. मागे समोरच्या काकू होत्याच.

पंच्यातल्या काकांना बघितलं आणि म्हातारी जागीच थांबली.

"जिता हायस," ती म्हणाली.

"जिता हाय," काका म्हणाले. पंचा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"मला वाटलं, तू मेलास. खोकला भलत्याचा, दिव्यामागं भलताच मानूस. म्हटलं, हा मेला, आन जागा जाऊ नये म्हनून घरच्यांनी बाहुला बसवला. ह्यो म्हनाला बोईसरला हाय. कोन विश्वास ठेवील ह्याच्यावर?"

मी मान खाली घातली. बाहुला म्हणून मी आजवर स्वतःकडे बघितलं नव्हतं, पण पटण्यासारखं होतं.

"चार दिवस मला सुचेना," म्हातारी खुर्चीत बसत म्हणाली. "रडू का पेढे वाटू. आदी बगावं तरी म्हटलं."

मग तिने घराकडे बघितलं. पंखा, टीव्ही, तिरका फोटो, खुंटी. तिच्या डोळ्यांत चाळीस वर्षांचा दावा परत जागा झाला.

"मंग? घर तुजं हाय म्हने ह्ये?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. हो म्हणावं तर पालघरची जागा गेली. नाही म्हणावं तर समोर आम्ही, बाराव्या महिन्यात घरात बसलेले, आणि दारात साक्षीदार म्हणून समोरच्या काकू.

"नाय," काका म्हणाले. "घर यांचं हाय. मी... पाहुना."

"दारावर पाटी तुजी हाय ती?"

"यांनी प्रेमानं लावली."

म्हातारीने काठी माझ्या बायकोकडे वळवली. "काय गं बाय. घर तुजं?"

काका बायकोकडे बघत होते. हो म्हणाली तर त्यांचं घर गेलं, नाही म्हणाली तर त्यांची खोली गेली. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं, ते योग्यच होतं.

"आमचं आहे, आजी," बायको म्हणाली. "काका आमच्या पोरीची परीक्षा आहे म्हणून सोबतीला आलेत. घरात वडीलधारं माणूस असलं की बरं पडतं. आणि उद्या भूमिती आहे, तेव्हा सगळ्यांनी जरा हळू बोला."

म्हातारीने आतल्या खोलीकडे बघितलं आणि खरंच आवाज खाली आणला. "पोरीला शेंगा आवडतात का? हव्या व्हत्या तर आनल्या असत्या. ह्यो तर न विचारता खातो." मग काकांना म्हणाली, "झाली सोबत. आज कापडं घाल नि घरी चल. ह्याचा खोकला मला ऐकवत नाय. भांडायला कुनी नसलं का माजं जेवन जात नाय."

"परीक्षा..." काका म्हणाले.

"परीक्षा तिची हाय. तुजी नाय."

काकांनी लेंगा चढवला, खुंटीवरचा शर्ट काढला आणि अंगात घातला. घालताना त्यांचं बटण वरखाली झालं. ज्या महिन्यात घर घराचं, त्याच महिन्यात ते आम्हाला त्यात सोडून, घर यांचं आहे असं माणसांदेखत बोलून, खाली निघाले होते. मी त्यांना सोडायला गेलो. म्हातारी रिक्षात आधी बसली. काका एक पाय आत टाकून थांबले आणि माझ्या कानाशी आले.

"पाहुणे, ते मी वर बोल्लो ते..."

"आम्ही कुठे काय ऐकलं, काका?"

"तुमी नाय. पन समोरच्या बाईनं ऐकलं."

"त्यांना कमी ऐकू येतं," मी म्हणालो. काकूंना टाचणी पडलेली खालच्या मजल्यावर ऐकू येते. पण काकांना ते पटलं असावं किंवा पटवून घ्यावं लागलं असावं. ते आत बसले. रिक्षा वळेपर्यंत म्हातारी शेंगांचा विषय काढून बसली होती आणि काका तिला कौलांबद्दल सुनावत होते. दोघंही जरा तरतरीत दिसत होती.

मी वर आलो. आतून पेन्सिलीचा आवाज येत होता. हॉल मोकळा मोकळा वाटत होता, आणि माझ्या डोक्यात हळूहळू एक विचार उगवायला लागला. मालकाने चार माणसांत घर आमचं म्हणून सांगितलं होतं. बारावा महिना चालू होता. आम्ही आत होतो, तो बाहेर. खिळ्याशिवाय, टेम्पोशिवाय, कोर्टाशिवाय. त्यांना मालक ओळखता न येणारा माणूस पाहिजे होता ना? मी खुर्चीत बसलो. पाय पसरले. छान वाटलं.

"ऐकलंस का," मी बायकोला म्हणालो, "आता आपण इथून हललोच नाही, तर काका काय करतील? काही करू शकणार नाहीत. कायद्याने आपण आता जन्मभर..."

ती डाळ-तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

"परीक्षा संपली की आठ दिवस आईकडे जाऊन येऊ, काकांना निवांत झोप लागेल," ती म्हणाली. "आणि जन्मभर न हललेला माणूस कसा दिसतो, ते आत्ताच रिक्षात बसवून आलात ना?"